निकाल आणि न्याय : बौद्धांनी न्यायालयाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?



मुंबई उच्च न्यायालयाने एखादा मोठा निकाल दिला, की दुसऱ्या दिवशी सकाळी बोईसरच्या फलाटावर, तारापूरच्या कारखान्यांच्या फाटकावर आणि संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर एकच प्रश्न ऐकू येतो : "कोण जिंकले?" निकाल मनासारखा लागला असेल तर "न्याय झाला" म्हणायचे आणि मनाविरुद्ध गेला असेल तर "कोर्टसुद्धा त्यांचेच" म्हणून मोकळे व्हायचे. न्यायालयापुढे प्रश्न काय होता, पुरावा कोणता आला, न्यायाधीशांनी कारणे काय दिली, याची विचारपूस करणारा शंभरात एखादाच. हा दोष एकट्या आपल्या समाजाचा आहे असे मुळीच नाही. परंतु सगळे जसे वागतात तसेच आपणही वागायचे, तर धम्मदीक्षा घेण्याची आपल्याला गरजच नव्हती.

नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे तर हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. कालपर्यंत घरात पोथी म्हणेल ते प्रमाण, भगत सांगेल ते प्रमाण, वाडवडील करत आले ते प्रमाण, असा कारभार होता. भगवान बुद्धांनी कालामांना वेगळी वाट दाखवली. परंपरेने आले आहे, ग्रंथात लिहिले आहे किंवा सांगणारा थोर आहे, एवढ्याच कारणाने काही मान्य करू नका. स्वतः तपासा, असे त्यांनी सांगितले. आता कोणी विचारील, की न्यायाधीश हेही थोर पदावरचे आणि निकालपत्र हेही लिहिलेलेच. मग तेही आम्ही तपासूनच मानायचे काय? आणि तपासल्यावर पटले नाही, तर झुगारून द्यायचे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हवेत न शोधता प्रत्यक्ष निकालांत शोधू.

महाडचे पाणी आणि दहा वर्षांचा दावा

आरंभ महाडपासूनच केला पाहिजे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात राहिले. २० मार्च १९२७ रोजी प. पू. बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याची 'शुद्धी' केली आणि १२ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांविरुद्ध व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला. दोनच दिवसांत मनाई हुकूमही मिळवला.

२५ डिसेंबरला महाडला दुसरी परिषद भरली. हजारो माणसे सत्याग्रहासाठी जिवाची तयारी करून आली होती. समोर तळे होते, हातात न्यायालयाचा मनाई हुकूम होता. त्या हुकमाने बाबासाहेबांना पाण्यापासून रोखले होते. तरीही त्यांनी लोकांना समजावले, सत्याग्रह तहकूब केला आणि तळ्याभोवती शांततेने मिरवणूक काढली. पाण्याला कोणी हात लावला नाही. आणि त्याच परिषदेत, २५ डिसेंबरच्या रात्री, मनुस्मृतीचे दहन झाले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. एकाच परिषदेत एक लिखित जाळले गेले आणि दुसरे लिखित पाळले गेले. दोन्ही लिखितांनी अस्पृश्यांना पाणी नाकारलेलेच होते. मग हा भेद का? कारण मनुस्मृतीवर अपील नव्हते. "तू असे का लिहिलेस, पुरावा काय?" असे मनूला विचारण्याची सोय नव्हती. न्यायालयाच्या हुकमाला मात्र उत्तर देता येत होते, साक्षीपुरावा आणता येत होता, वरच्या न्यायालयात दाद मागता येत होती. पुढे १९२८ साली तो मनाई हुकूम उठलाच. ज्या लिखिताला प्रश्न विचारता येतो, ते चुकले तरी दुरुस्त होऊ शकते. ज्याला प्रश्नच विचारता येत नाही, ते दुरुस्त कसे होणार? कालामांना दिलेल्या उपदेशात जी कसोटी आहे, तीच बाबासाहेबांनी महाडला लावली असे मला वाटते.

दावा पुढे दहा वर्षे चालला. महाडच्या न्यायालयाने १९३१ साली निकाल आपल्या बाजूने दिला. त्यावरचे अपील ठाण्याच्या न्यायालयात १९३३ साली फेटाळले गेले. (आपले पालघर त्या काळी ठाणे जिल्ह्यातच होते, हे तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावे.) शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी सनातन्यांचे अपील फेटाळले.

आपण जिंकलो. परंतु कशावर जिंकलो? अस्पृश्यता माणुसकीला काळिमा आहे, असे उच्च न्यायालयाने म्हटले काय? नाही. त्याने इतकेच म्हटले, की अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. ती सिद्ध झाली असती तर ती वाजवी आहे की नाही, याचा विचार पुढे करावा लागला असता. पण तशी वेळ आली नाही. म्हणजे निकाल आपल्या बाजूचा, पण कारण पुराव्याच्या उणिवेचे. पाणी मिळाले, माणूस म्हणून असलेला आपला मान त्या निकालपत्राने सांगितला नाही. तो १९५० साली संविधानाच्या १७ व्या कलमाने सांगितला आणि १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण आपल्या तोंडाने उच्चारला.

यातून पहिली गोष्ट कळते. न्यायालय वाटेतला दगड बाजूला करू शकते. वाट चालायची ती आपल्यालाच.

हार झाली, पण दीक्षा खरी ठरली

आता याच्या अगदी उलट उदाहरण पाहा. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या उमेदवाराविरुद्ध तक्रार झाली, की हे गृहस्थ १९५६ साली बौद्ध झाले आहेत, म्हणून ते अनुसूचित जातीचे उरले नाहीत. त्या काळी राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू किंवा शीख धर्म मानणाऱ्यांनाच अनुसूचित जातीचे समजले जाई. निवडणूक न्यायाधिकरणाने निवड रद्द केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली; धर्मांतर पुरेसे सिद्ध झालेले नाही, असे त्याला वाटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ साली निवड अखेर रद्द झाली.

सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले ते महत्त्वाचे आहे. धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे किंवा उघडपणे आचरणे, आणि तसे जाहीर केल्यावर धर्मांतर झालेच, असा त्या निकालाचा आशय आहे. त्यासाठी दुसऱ्या कोणाच्या शिक्क्याची गरज उरत नाही.

व्यवहारात पाहिले तर हा निकाल आपल्याला जड गेला. बौद्ध झालेल्या माणसाने राखीव जागा गमावली. पुढे १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, तोवर हा अन्याय चालू राहिला. पण निकालामागचे कारण पाहा. आपली दीक्षा हा देखावा नाही, ती खरी आहे. हजारोंच्या सभेत उभे राहून उच्चारलेला शब्द हा शब्द आहे, हे देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने मान्य केले. उच्च न्यायालयाने आमदारकी वाचवली होती, परंतु दीक्षा सिद्ध झाली नाही असे म्हणून वाचवली होती! कोणता निकाल आपल्या बाजूचा, ते आता तुम्हीच सांगा.

म्हणून "कोण जिंकले?" हा प्रश्न अपुरा आहे. महाडला निकाल गोड होता पण कारण तोकडे होते. नागपूरला निकाल कडू होता पण कारणात मान होता. जो केवळ निकाल वाचतो, त्याला या दोन्हींपैकी एकही कळत नाही.

हात जोडायचे की नाही?

अलीकडच्या काळाकडे वळू. मी शिक्षक आहे, म्हणून शाळेपासून सुरुवात करतो. नाशिकच्या एका माध्यमिक शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला. शाळेने ती बेशिस्त मानली आणि त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी रोखून धरली. शिक्षक मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१३ साली न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठाने सांगितले, की प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती शिक्षकावर करता येत नाही. तशी सक्ती हा मूलभूत हक्कांचा भंग होय.

पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, याच न्यायालयात दुसरा निकाल लागला. आपला कोणताही धर्म नाही, अशी नोंद राजपत्रात व्हावी म्हणून काही नागरिकांनी अर्ज केला होता आणि शासकीय मुद्रणालयाने तो नाकारला होता. न्यायमूर्ती ओक आणि न्यायमूर्ती चांदूरकर यांनी ठरवले, की सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात कोणताही धर्म न मानण्याचे स्वातंत्र्य येते, आणि कोणत्याही शासकीय अधिकाऱ्याला नागरिकाकडून धर्म वदवून घेता येणार नाही.

हे निकाल वाचून आपल्याला आनंद होतो आणि तो साहजिकच आहे. पण आनंद झाल्यावर एक पाऊल पुढे जाऊन स्वतःला विचारले पाहिजे : हे स्वातंत्र्य आपण आपल्या घरात देतो काय?

नवदीक्षित कुटुंबात बहुधा एक आजी असते. मुलाने-सुनेने दीक्षा घेतलेली असते. आजीने घेतलेली नसते. तिच्या खाटेशेजारी फळीवर तिचा देव असतो, शेंदूर असतो, तिच्या आईने दिलेला टाक असतो. एखादा उत्साही तरुण येतो आणि म्हणतो, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना? मग ही फळी आजच्या आज रिकामी करा." बावीस प्रतिज्ञा ज्याने उच्चारल्या, त्याला त्या बांधतात. त्यात तडजोड नाही, असूही नये. परंतु आजीने त्या उच्चारलेल्या नाहीत. तिच्या हातातून देव हिसकावून घेणारा आणि शिक्षकाला हात जोडायला लावणारा, यांत फरक तो काय? एकाने हात जोडायची सक्ती केली, दुसऱ्याने सोडायची. सक्ती ती सक्तीच.

आजीशी बोलावे. तिला विहारात घेऊन यावे, भगवंतांचे चरित्र तिला वाचून दाखवावे, तिच्या शंका ऐकाव्यात. किसा गोतमीला भगवंतांनी दटावले नव्हते. मोहरी आणायला घरोघर पाठवले होते, आणि तिचे तिला उमगले होते. आजीला उमगेल तेव्हा ती फळी ती स्वतःच रिकामी करील. नाही उमगले, तरी ती आपली आजीच आहे.

आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. धर्म न सांगण्याचे स्वातंत्र्य आहे म्हणून कचेरीत, शेजाऱ्यांत, कारखान्यात आपला धम्म लपवून ठेवणे हा त्या निकालाचा अर्थ नव्हे. कोणी बळजबरीने वदवून घेऊ नये, हे न्यायालयाने सांगितले. आपण होऊन अभिमानाने सांगावे की नाही, ते आपल्यावर सोडले. जनगणना होईल तेव्हा 'बौद्ध' अशी नोंद करण्याचे धैर्य कोणतेही न्यायालय आपल्या हाताला देणार नाही.

आपल्याच मार्गावरचा खटला

आता एका अवघड निकालाकडे येऊ. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले. १८० हून अधिक माणसे मेली, शेकडो जखमी झाली. हा आपलाच मार्ग. त्या काळी चर्चगेटहून डहाणूपर्यंत थेट लोकल नव्हती. पालघर-बोईसरच्या नोकरदारांना विरारला गाडी बदलावी लागे. त्या रात्री या पट्ट्यात कितीतरी दारांत माणसे वाट पाहत उभी होती.

२०१५ साली विशेष न्यायालयाने बारा आरोपींना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांची दोषसिद्धी रद्द केली. आरोप सिद्ध करण्यात सरकार पक्ष पूर्णपणे अपयशी ठरला, असे न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी म्हटले. फाशी झालेल्यांपैकी एक जण हा निकाल ऐकायला जिवंत नव्हता; तो तुरुंगवासातच वारला होता. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश त्या न्यायालयाने २४ जुलैला दिला. मात्र सुटलेल्यांना तुरुंगात परतण्यास सांगितले नाही.

तेव्हा लोक संतापून विचारत होते, "मग एवढी माणसे मारली कोणी?" ज्याचा मुलगा गेला त्याचा हा प्रश्न आपण नम्रपणे ऐकला पाहिजे. त्याच्या दुःखाला तोड नाही. पण दुःखाला कारण असते आणि खरे कारण सापडल्यावाचून दुःखाचा निरोध होत नाही, हे आपण चार आर्यसत्यांत शिकलो आहोत. आरोप सिद्ध झाला नसताना एखाद्याला फासावर चढवले, तर मेलेला परत येत नाही आणि खरा दोषी असेल तो तसाच हिंडत राहतो. असत्य बोलणार नाही असे आपण पंचशीलात म्हणतो. पुरावा नसताना माणसाला गुन्हेगार म्हणणे हे सगळ्या समाजाने मिळून बोललेले असत्यच होय.

आणि हे आपल्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज पडू नये. गावात चोरी झाली की झडती आधी कोणत्या वस्तीत होई? ढोर मेले की विषप्रयोगाचा आळ कोणावर येई? आपल्या आज्यापणज्यांना पुरावा न मागता दोषी ठरवले गेले आहे. इंग्रज सरकारने तर कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार म्हणून कागदावर नोंदवून ठेवले होते. संशयितावर आरोप सिद्ध करा, मगच शिक्षा द्या, हा नियम दुबळ्याच्या हातातली ढाल आहे. ती ढाल आज दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या कामी आली म्हणून आपण चिडलो, तर उद्या आपल्या मुलाच्या वेळी ती कोणाकडे मागणार?

जयंतीचा आवाज

दुसऱ्याच्या बाबतीत न्यायबुद्धी सांभाळणे कठीण, तर स्वतःच्या बाबतीत ते त्याहून कठीण. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम मोडणाऱ्यांवर पोलिसांनी कारवाई केली पाहिजे. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे.

हा निकाल आला तेव्हा ज्याने त्याने शेजारच्या धर्माकडे बोट दाखवले. पण निकालात 'कोणत्याही धर्माचा' असे आहे. म्हणजे आपलाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ट्रकवर भिंतीएवढे कर्णे चढवले जातात, तेव्हा त्या गल्लीत रात्रपाळी करून झोपलेला कामगार असतो, तान्हे मूल असते, छातीचा रोगी असतो, परीक्षेचा पेपर उरलेली एखादी मुलगी असते. बाबासाहेबांनी विद्यार्थिदशेत रात्र रात्र जागून अभ्यास केला. त्यांच्या जयंतीने एखाद्या विद्यार्थ्याचा अभ्यास बुडावा, हा त्यांचा गौरव कसा होईल? धम्माच्या प्रसारासाठी भगवंत पायी हिंडले, माणसांशी बोलले. त्यांचा आवाज त्यांच्या शब्दांमुळे दूरवर गेला.

ज्या दिवशी आपल्या वस्तीतली मंडळी पोलीस येण्यापूर्वी आपण होऊन आवाज कमी करतील, त्या दिवशी तो निकाल अंमलात आला असे मी समजेन.

वाढवणचा निकाल आणि आपले शेजारी

शेवटचा निकाल आपल्या उंबऱ्याशी आहे. डहाणू तालुका १९९१ सालच्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यासाठी एक प्राधिकरण नेमले गेले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दीर्घकाळ त्याचे अध्यक्ष होते. वाढवण बंदराला या प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी परवानगी दिली. तिच्याविरुद्ध मच्छीमारांच्या आणि पर्यावरणाच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. १८ एप्रिल २०२४ रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. प्राधिकरणाच्या निर्णयात हस्तक्षेप करण्यासारखे कारण दिसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला बंदराची पायाभरणी झाली.

आपल्या वस्त्यांत यावर दोन मते आहेत आणि दोन्ही मते प्रामाणिक आहेत. औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्या बापाला वाटते, बंदर झाले तर पोराला नोकरी लागेल. किनाऱ्यावरच्या मांगेला, वैती बांधवांना वाटते, समुद्र गेला तर आम्ही जायचे कोठे? आपल्यापैकी काही जण म्हणतात, "कोर्टाने निकाल दिला, विषय संपला."

विषय संपला काय? न्यायालयापुढे प्रश्न होता, की प्राधिकरणाने दिलेली परवानगी कायद्याला धरून आहे की नाही. मच्छीमाराला दुःख आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. तो आपल्यापुढे आहे. अणुऊर्जा केंद्राच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, हे आपण जाणतो. जे कायदेशीर ठरले ते सगळे करुणेच्या कसोटीला उतरलेच, असे होत नाही. तसेच जे आपल्याला दुःखद वाटते ते सगळे बेकायदेशीरच, असेही नाही. बंदर हवे म्हणणाऱ्या बौद्ध बापानेही मच्छीमाराच्या पुनर्वसनाची मागणी आपली म्हणून केली पाहिजे, कारण दुसऱ्याच्या चुलीतला विस्तव काढून आपली चूल पेटवणे ही सम्यक आजीविका नव्हे. आणि हरलेल्याला वरच्या न्यायालयाचा, शांततेच्या आंदोलनाचा, मतपेटीचा मार्ग मोकळा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आपल्याला सनदशीर मार्गच धरायला सांगितले होते. महाडच्या तळ्याभोवती निघालेली ती शांत मिरवणूक याच मार्गावरची होती.

सारांश

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. निकाल तपासून मानायचा काय? होय, तपासायचा. पण तपासणे म्हणजे तो आवडला की नाही हे पाहणे नव्हे. निकाल पटला नाही तर झुगारायचा काय? नाही. तो पाळायचा आणि त्याला कारणांनी उत्तर द्यायचे. वरच्या न्यायालयात, कायदेमंडळात, लोकांत. १९६४ चा अन्याय १९९० साली दुरुस्त झाला तो दगडफेकीने नव्हे, चिकाटीने.

माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात पंधरा मिनिटे एका निकालासाठी ठेवावीत. निकालपत्रे बहुधा इंग्रजीत असतात. आता आपल्या घरांत शिकलेली मुले-मुली आहेत, त्यांनी ते वाचून आपल्या मराठीत सांगावे. ऐकणाऱ्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. न्यायालयापुढे नेमका प्रश्न काय होता? पुरावा कोणता आला? न्यायाधीशांनी कारण काय दिले? आणि कोणती गोष्ट न्यायालयाने आपल्यावर सोडली? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे निकालपत्रात मिळतील. चौथ्याचे उत्तर मिळणार नाही. ते विहारातून घरी जाताना वाटेत शोधावे लागेल, आणि घरी पोचल्यावर आजीपाशी, शेजाऱ्यापाशी, कारखान्यातल्या सोबत्यापाशी आचरून दाखवावे लागेल.

जय भीम!